जनाक्काच्या पानावर नसलेलं नाव

चिडून लिहितेय, हे आधीच सांगते. मागच्या वेळी या सदरात एका वाचकानं लिहिलं होतं की असले अनुभव फक्त अडाणी नाहीतर रिकामटेकड्या माणसांनाच येतात... वाचून डोकंच फिरलं माझं. अहो, मी बेळगावात राहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली बाई. भूतखेत, देवचार, करणी... कशावर म्हणजे कशावर विश्वास नव्हता. आईनं दृष्ट काढायला मीठ-मोहरी हातात घेतली की मी उठून बाहेर जायचे. आजही जाते. आणि जे घडलं ते ना स्मशानात घडलं, ना पिंपळाखाली. भर दुपारी, भाताच्या गिरणीच्या माडीवर, कॉम्प्युटरसमोर घडलं. वर बोलणी कुणी खाल्ली? मी! राग आहे तो त्याचा.

तर जागा सांगते. रामनगर, जोयडा तालुका. बेळगावहून अनमोड घाटानं गोव्याला जाणारा रस्ता आमच्या गावावरून जातो. सुप्याला काळी नदीवर धरण झालं तेव्हा जुनं सुपा आणि आसपासच्या वाड्या पाण्याखाली गेल्या, आणि तिथली बरीच माणसं रामनगरात आणून वसवली. आम्ही तसे मूळचे खानापूरकडचे, बाबांचं इथं किराणा दुकान. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्याच्या एका संस्थेनं ठरवलं की या उठवलेल्या माणसांच्या हकिगती गोळा करून वेबसाइटवर घालायच्या. गिरणीच्या माडीवर एक खोली, एक कॉम्प्युटर, एक मी आणि पुण्याहून आलेले एक सर. गावातली माणसं विचारायची, "साइट कुठं चाललीय बाई, गवंडी पायजेत काय?"

काम असं: माणसाला बोलतं करायचं, लिहून घ्यायचं, मग टाइप करायचं. पण त्या काळी कॉम्प्युटरवरचं मराठी म्हणजे नुसता फॉन्टचा मुखवटा. वाचणाऱ्याला मराठी दिसायचं, आत कॉम्प्युटरला मात्र सगळी गिचमीड. त्यामुळं मराठी मजकुरात काही शोधायला गेलं तर सापडायचं नाही. म्हणून प्रत्येक पानाला, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या जागी, इंग्रजी लिपीत शोधशब्द जोडायचे. गाव, तालुका आणि कुटुंबप्रमुखाचं नाव. जगात कुठंही कुणी ते शब्द टाकले की आपलं पान त्याच्यासमोर यायचं. शब्द नाही तर पान असून नसल्यासारखं. सरांचं तर हे ब्रीदवाक्यच होतं. दुसरं ब्रीदवाक्य "लॉजिक". चहात साखर जास्त पडली तरी त्यात त्यांना लॉजिक दिसायचं नाही.

श्रावणात एक दिवस जनाक्का जिना चढून आली. पन्नाशीची असेल. काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि कमरेला लुगड्याच्या ओच्यात बांधून आणलेली आमसुलं माझ्यासाठी.

"हितं माणसं हुडकून देतासा म्हणं?" म्हणाली. आमच्याकडे शोधणं म्हणजे हुडकणंच.

तिची हकिगत साधी आणि भयंकर. पाणी येणार येणार म्हणत होते, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात नवरा गोव्याला खाणीवर कामाला गेला. पावसाआधी येतो म्हणाला. आला नाही. मग पाणी आलं, वाडी गेली, हिला दिराच्या कुटुंबाबरोबर ट्रकात घालून रामनगरात आणलं. तिच्या मनात एकच: तो येऊन गेला असणार. येऊन बघतो तर नुसतं पाणी. मग कुणाला विचारणार, कुठं जाणार?

"लिव्ह," ती म्हणाली, "जना रामनगरात हाय, शाळंच्या मागं. वाडीकडं जाऊ नका म्हणावं, थितं कायबी न्हाई. डाव्या कानाची पाळी फाटल्याली हाय म्हणून लिव्ह, रानडुकरानं फाडलीया. पेजंत जिरं लागतंय त्यास्नी."

मी भराभर लिहून घेतलं. मग विचारलं, "नाव?"

तोंडाला पदर. माझं काय चुकलं ते लगेच लक्षात आलं, म्हटलं, "तुम्ही नका सांगू. तुमच्या दिरांना विचारून घालते मी."

"अजाबात न्हाई!" केवढ्यानं ओरडली! "म्या नाव काढलं काय आन् माझ्या कामासाठनं तू लिव्हलंस काय, सारकंच. धन्याचं आयुक्ष कमी व्हतंय. शपत घे."

"अहो अक्का, नावाशिवाय कॉम्प्युटरला कळणार कसं कुणाला शोधायचं ते?"

त्यावर ती हसली. पहिल्यांदाच हसली. "मी कवा नाव घेतल्यालं गे? जत्रंत शंभर गडी असूं देत, मी नुसतं 'अवं' म्हटलं की त्येच मागं वळायचं. दुसरं कोण वळायचं न्हाई."

घेतली शपथ. तिनं माझा हात धरून त्या कीबोर्डवरच ठेवला, तुळशीवर ठेवावा तसा.

इतक्या वर्षांनी ती आत्ताच का धावत आली, ते मला दुकानात कळलं. तिच्या दिरानं, पुंडूनं, ठरवून टाकलं होतं. पुंडूच्या मुलाचं लग्न दोनदा ठरून मोडलं. मग देवळात कौल लावला. देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवतात, उजवीकडची पडली तर होकार. त्यातून निघालं की घरातला एक जीव अडकून राहिलाय. झालं! आमच्याकडे बारा वर्षांहून जास्त पत्ता नसलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून क्रियाकर्म उरकतात. जनाक्कानं ते इतकी वर्षं भांडून थोपवून धरलेलं. आता सर्वपित्री अमावास्येला करायचंच, असं पुंडूनं जाहीर केलं. म्हणजे त्या दिवशी पानांचा पुतळा जाळायचा आणि जित्या बाईच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं. कशासाठी? तर पुतण्याचं लग्न जमावं म्हणून! संताप संताप झाला माझा. पुंडू दुकानात आला तर मी त्याला तोंडावर विचारलं, "तुमचा भाऊ मेल्याचं कुणी बघितलंय?" तर म्हणतो, "देवानं बघितलंय."

मी जनाक्काचं पान तयार केलं. शोधशब्द: सुपा, जोयडा, वाडीचं नाव, रामनगर. माणसाचं नाव नाही. नवऱ्याचं मला बाबांकडून कळलं होतं, दुकानात सगळ्यांची नावं माहीत असतात. पण घातलं नाही. शपथ म्हणजे शपथ.

सरांनी पान तपासलं आणि भडकले. "कुटुंबप्रमुख कुठाय?"

मी शपथेचं सांगितलं.

"ह्यात लॉजिक काय? ज्याला शोधायचंय त्याचंच नाव नाही! नाव सांग मला."

मी सांगितलं तोंडी, म्हटलं तुम्ही पानावर घालणार नसाल तर. सर म्हणाले, "नाही घालत. तुला दाखवतो फक्त. हे बघ, मी नाव शोधात टाकतो. काही येणार नाही. म्हणजे ह्या कॉम्प्युटरच्या दृष्टीनं तो माणूस जन्मलेलाच नाही. कळलं?"

टाकलं नाव. आणि आलं की हो पान! एकच पान. जनाक्काचं.

सरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "वा! स्वतःच नाव घालायचं आणि वर मला शपथांच्या गोष्टी सांगायच्या?"

मी म्हटलं, उघडा पान. आतली सगळी गिचमीड उघडून बघा. बघितली त्यांनी. एकेक ओळ. नाव नव्हतं. पूर्ण नव्हतं, अर्धं नव्हतं, त्यातलं काहीही नव्हतं. पुन्हा शोध लावला... पुन्हा तेच पान. बाकीच्या पानांवर तसलं नाव कुठं आहे का तेही पाहिलं. नाही. खाली गिरण धडधडत होती, खिडकीतून कोंडा येत होता, आणि समोर स्क्रीनवर जनाक्काचं पान.

कुठला शब्द कुठल्या पानावर आहे, ती शोधाची यादी सरांनी पुसून नव्यानं करायला लावली. तेच. मग पान पुसलं आणि स्वतः बसून, मला खुर्चीवरून उठवून, अक्षर न् अक्षर नव्यानं टाइप केलं. शोधशब्दही स्वतः घातले. तेच! आता ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. पण सर काय म्हणाले ठाऊक आहे? "तू मशीनमध्ये काहीतरी करून ठेवलंयस." मी! अहो, मला एवढं करता येत असतं तर मी कोंडा खात गिरणीच्या माडीवर बसले असते? त्यांनी पुण्याला फोन करून सांगितलं की इथली ऑपरेटर भावनेच्या भरात डेटामध्ये ढवळाढवळ करते. माझ्यासमोर! मी घरी जाऊन रडले, आणि रडल्याचा अजून जास्त राग आला.

पान मात्र साइटवर गेलं. रामनगरात तेव्हा इंटरनेट कुठलं? फ्लॉपी घेऊन सर बसनं बेळगावला जायचे आणि तिथून चढवायचे. परत आले ते तोंड पाडून. तिथल्या मशीनवरही त्यांनी नाव टाकून बघितलं होतं. मी विचारलं, "आलं का?" तर म्हणाले, "तू तुझं काम कर."

जनाक्का अधूनमधून जिन्याखाली उभी राहून हाक मारायची, "सापडलं काय गे?" मी वरून नाही म्हणायचे. तिला आतलं काहीच सांगितलं नाही. काय सांगणार होते?

पितृपक्ष लागला. पुंडूनं भटजी सांगून ठेवले. आणि सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी, सकाळच्या गोव्याच्या बसमधून एक मुलगी उतरली आणि पत्ता विचारत माडीवर आली. सतरा-अठरा वर्षांची, सलवार-कमीज, खांद्याला पर्स. सावर्ड्याहून आलेली. मडगावला कॉम्प्युटरचा क्लास करायची. क्लासात इंटरनेट आलं तेव्हा जो तो आपापल्या घरच्यांची नावं टाकून बघत होता, तसं तिनंही बघितलं.

"हांवें बाबाचें नांव घालें," ती म्हणाली, "आनी तुमचें पान आयलें."

अक्षरं वाचता यावीत म्हणून तिनं क्लासच्या बाईंकडून तो फॉन्टही उतरवून घेतला होता. मग वाचलं. फाटलेली कानाची पाळी. पेजेत जिरं. सगळं तिच्या बाबाचंच निघालं. पण नाव कुठं दिसेना. मला विचारते, "नांव खंय आसा?"

मी सरांकडे बघितलं. सर खिडकीबाहेर बघत होते. कुठं गेलं होतं लॉजिक, मला त्यांना गदागदा हलवून विचारावंसं वाटत होतं!

तिचा बाबा जिवंत होता. घरी होता, पाय दुखतात म्हणून काम सोडलेलं. लेकीला त्यानं जन्मभर सांगितलं होतं की आपलं मागं कुणी नाही. तिनं पानाचं सांगितल्यावर उठून परसात गेला आणि जेवायलाच आला नाही. तिला चैन पडेना, म्हणून न सांगता आली होती.

मी तिला तशीच घेऊन शाळेमागं गेले. पुंडूच्या अंगणात माणसं जमलेली, एका सुपात पळसाची पानं धुऊन निथळत ठेवलेली. जनाक्का एका बाजूला, भिंतीला टेकून बसली होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. मी सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं: माणूस जिता आहे, ही त्याची मुलगी. तुमची पानं गुरांना घाला!

पुंडू खालीच बसला. बायका कुजबुजायला लागल्या. जनाक्का मात्र त्या मुलीकडे बघत राहिली, तिचे कान, तिची हनुवटी. मग विचारलं, "जेवण जातंय न्हवं त्यास्नी?"

"वता," मुलगी म्हणाली. म्हणजे जातं.

"बायको हाय?"

मुलीनं होकारार्थी मान हलवली. "म्हजी आवय." तिची आई.

"असूं दे," जनाक्का म्हणाली. अगदी शांतपणे. "माणूस एकटं कसं ऱ्हाईल. वाडी बुडाली, मी सापडली न्हाई, करणार काय." आणि मग, "पर रामनगर ठाव नसंल न्हवं त्यास्नी? मी हितं हाय ते?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं. ती खोटं बोलली असती तर बरं झालं असतं असं मला आजही कधी कधी वाटतं... पण नाही बोलली. रडायला लागली आणि म्हणाली की बाबा पंधरा वर्षं ट्रकवर होता. खाणीतून निघाला की अनमोड चढून बेळगावला. रामनगरावरूनच. इथं चहाला थांबायचा. बाबानंच परवा रात्री आईजवळ कबूल केलं, तिनं भिंतीआडून ऐकलं.

इथं! आमच्या दुकानासमोर चहाच्या टपऱ्या आहेत. तिथून शाळा दिसते. पंधरा वर्षं चहा पितोय शाळेकडं तोंड करून, आणि ही बाई त्याचं आयुष्य कमी होईल म्हणून नाव घेत नाही!

जनाक्का उठली. पदर खोचला. अंगणाच्या कडेला जाऊन, गोव्याच्या रस्त्याकडं तोंड करून, शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावर हाक मारतात तशी तिनं हाक मारली.

"रवळू! अरं ए रवळू गणू मिराशी! रवळ्या!"

बायकांनी तोंडाला पदर लावले. एक म्हातारी "अगे, अगे" करत तिचं तोंड दाबायला धावली, तिला तिनं बाजूला सारलं. पुंडू म्हणाला, "वैनी, सौभाग्य हाय तुझं, नाव काय घेतीस!"

"कुणाचं आयुक्ष राखू आता?" जनाक्का म्हणाली. "माझं गेलं त्येचं काय?"

भटजी चुळबुळत होते. त्यांनी हळूच विचारलं की मग उद्याचं कसं, कुंकवाचं... एवढंच त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

"कुंकू माझ्या बानं लावलंया पाळण्यात असताना. रवळ्यानं न्हवं. हात लावून बगा, मनगाट मोडतो." आमच्याकडे बायकाही 'मोडतो', 'जातो' असंच म्हणतात, त्या दिवशी ते शोभलं तिला. मग त्या रडणाऱ्या मुलीचा दंड धरला. "तू कशाला रडतीस? तुझा काय गुन्हा? चल, भाकरी खाऊन बस धर."

दुपारी मी माडीवर आले. का कुणास ठाऊक, बसले आणि नाव टाकलं. रवळू गणू मिराशी.

काही नाही. रिकामी पाटी.

पुन्हा टाकलं. नुसतं रवळू. नुसतं मिराशी. काही नाही! पान उघडून बघितलं, होतं तसं होतं, शब्दाला धक्का नाही. सरांना बोलावलं. त्यांनी तीन-चारदा टाकून बघितलं आणि खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "बघ. मी मागं यादी नव्यानं करवली होती ना? आता दुरुस्त झालं. लॉजिक!" देवाशपथ, पेपरवेट फेकून मारणार होते मी. ती मुलगी पुढं मडगावच्या क्लासातही बघून आली. तिथंही बाबाच्या नावानं काही येईना. एकदा बसनं येताना मुद्दाम सांगून गेली.

आता लिहा तुम्ही की मीच घातलं असेल, मीच काढलं असेल. मला सवय आहे. बावीस-पंचवीस वर्षांत कॉम्प्युटर कुठल्या कुठं गेले, मीही पुष्कळ शिकले, मोठमोठ्या इंजिनिअरांना विचारून झालं. ज्याला त्याला फक्त माझी चूक सापडते. मला स्वतःला अजून काहीच सापडलेलं नाही.

काही दिवसांनी जनाक्काला मी विचारलं, "अक्का, आता तुम्ही स्वतःच नाव घेतलंत. घालू का त्यांचं नाव पानावर?"

"कशाला? मी आता कुणाला हुडकतोय?" म्हणाली. मग जरा विचार करून, "त्येच्या नावानं मी सापडत न्हाई न्हवं आता?"

"नाही."

"ब्येस झालं." जिन्याकडं निघाली आणि वळली. "आन् माझं घातलंयास काय गे त्यात?"

शोधशब्दांत नव्हतं घातलं. बाईचं नाव घालायला जागाच ठेवली नव्हती कुणी. सर जेवायला गेले होते. मी तिच्यासमोर पान उघडलं आणि कुटुंबप्रमुखाच्या जागी टाइप केलं: जना. मग शोधात टाकून तिला दाखवलं. पान आलं. ते मी घातलं होतं म्हणून आलं, त्यात नवल काही नाही. पण ती खुर्चीच्या पाठीला धरून कितीतरी वेळ बघत उभी होती.